कोबीतली अळी मेंदूत जात नाही
"कोबीतली अळी पोटातून मेंदूत जाते, कोबी खाऊ नका." पावसाळ्यात नाशिकच्या ग्रुपवर हा मेसेज फिरतोच. भीती निराधार नाही, पण दोष भलत्यालाच दिलाय.

कोबीतली हिरवी अळी असते पतंगाची. पंचवटीतून आणलेल्या गड्ड्यातली एखादी पानासकट बरणीत ठेवा, वर मलमल बांधा. काही दिवसांत ती कोष करते आणि पुढे त्यातून पतंग निघतो. चुकून पोटात गेलीच तर पचते.

धोका असतो पट्टकृमीच्या, म्हणजे टेपवर्म या जंताच्या, अंड्यांचा. हा जंत ज्या माणसाच्या आतड्यात असतो त्याच्या शौचातून ती बाहेर पडतात. घाण पाण्यातून, न धुतलेल्या हातांतून भाजीवर येतात, डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणूनच कधीही मांस न खाणाऱ्यालाही लागण होते. पोटात अंडी फुटली की जंताची पिल्लं रक्तावाटे स्नायूंत, मेंदूत आणि क्वचित जिभेत, गालात किंवा ओठात जाऊन बसतात. तोंडात तेव्हा बहुधा न दुखणारी, गुळगुळीत गाठ हाताला लागते. साधी लाळेची गाठ समजून ती सोडून दिली जाते. काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासली की खरं कळतं. दोन आठवड्यांत गाठ गेली नाही तर दंतवैद्याला दाखवाच.

कोबी नीट शिजवून खुशाल खा, उष्णतेने अंडी मरतात. कोशिंबिरीसाठी पानं सुटी करून वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा, त्याआधी हात साबणाने.