लॉवेलच्या गिरणीतील मुली

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील लॉवेल येथील कापड गिरण्यांत १८२३ पासून काम करू लागलेल्या तरुण स्त्रिया. मेरिमॅक नदीचे पाणी कालव्यांत घेऊन त्यावर या गिरण्या चालत. कालवे खणले आयरिश मजुरांनी. मागावर मात्र बसवल्या गेल्या न्यू इंग्लंडच्या, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या, शेतकऱ्यांच्या मुली.

मुलींना घराबाहेर पाठवण्यास आईबाप धजावेत म्हणून कंपन्यांनी राहण्या-जेवणाच्या खाणावळी उघडल्या. त्या बहुधा विधवा बायका चालवत. रात्री दहाला दार बंद होई आणि रविवारी चर्चला जाणे सक्तीचे असे. मुंबईच्या गिरणगावातली खाणावळ कामगारांची आपली होती. लॉवेलची खाणावळ मालकाची, त्यामुळे जेवणाच्या ताटापर्यंत मालकाची नजर पोहोचे. काम आठवड्याला सुमारे ७३ तास. हवा दमट राहून सूत तुटू नये म्हणून खिडक्या बंद ठेवत आणि आत कापसाची कुसे तरंगत राहत. गिरणीत पुस्तक आणायला बंदी होती, तेव्हा मुली वर्तमानपत्रातल्या कविता कापून खिडकीशी चिकटवत आणि काम करता करता वाचत. अकराव्या वर्षी बॉबिन, म्हणजे सुताच्या रिळी, बदलायला लागलेली ल्यूसी लार्कम पुढे कवयित्री झाली, ती अशाच वाचनातून.

१८३४ मध्ये मजुरी कापण्याचे ठरताच सुमारे ८०० जणी काम टाकून बाहेर पडल्या. १८३६ मध्ये खाणावळीचा दर वाढला, तेव्हा त्याहून मोठा संप झाला. ‘आम्ही स्वतंत्र माणसांच्या लेकी’ असे त्या अभिमानाने सांगत. हा अभिमानच त्यांचे बळ होता. पण ज्या कापसाचे सूत त्या कातत, तो अमेरिकेच्या दक्षिणेतले गुलाम वेचत होते, हे विसरून लॉवेलची गोष्ट सांगता येत नाही. गुलामगिरीविरोधी अर्जांवर सह्या करणाऱ्या स्त्रिया लॉवेलमध्येही होत्या.

गिरणीतच काम करणाऱ्या सारा बॅग्ली यांच्या पुढाकाराने स्त्री-कामगारांची संघटना उभी राहिली. दहा तासांच्या दिवसासाठी दोन हजारांहून जास्त सह्यांचा अर्ज विधिमंडळाकडे गेला आणि १८४५ मध्ये बॅग्ली व इतर जणींनी समितीपुढे साक्षी दिल्या. गैरप्रकार आहेत, पण उपाय आमच्या हाती नाही, असा निर्वाळा समितीने दिला. समितीचे अध्यक्ष विल्यम स्काउलर हे लॉवेलचेच आमदार. मतदानाचा हक्क नसलेल्या या बायकांनी त्यांच्याविरुद्ध प्रचार केला आणि पुढच्या निवडणुकीत ते पडले.

त्याच सुमारास आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक बुडून दुष्काळ पडला. बोटी भरभरून आलेली माणसे मिळेल त्या मजुरीवर कामाला उभी राहिली आणि शेतकऱ्यांच्या मुली हळूहळू गिरणी सोडू लागल्या. लॉवेलच्या हॅमिल्टन कंपनीत १८३६ मध्ये परदेशात जन्मलेले कामगार शेकडा चारांहूनही कमी होते. १८६० मध्ये ते साठांच्या वर गेले. स्त्रिया व मुलांसाठी दहा तासांचा कायदा मॅसॅच्युसेट्समध्ये १८७४ साली झाला, तेव्हा लॉवेलच्या मागांवर बहुतेक स्थलांतरितांच्या लेकी उभ्या होत्या.