सुकाणूचं पातं नेमकं कुठे गंजतं?

गोसीखुर्दच्या जलाशयात कुणी हौसेनं शीड लावून चालवत असलेल्या एका छोट्या होडीचं सुकाणू या वैशाखात पवनीच्या एका वेल्डिंगच्या दुकानात पाहायला मिळालं. पातं साध्या लोखंडी पत्र्याचं, ६ मिलिमीटर जाडीचं. खालचं टोक सतत पाण्यात बुडालेलं, तरी शाबूत. वरचा, हवेत राहणारा भागही ठीकच. खाल्ला गेला होता तो मधला चार बोटांचा पट्टा, पाण्याच्या रेषेच्या जरासा खाली. तिथला रंग फुगून पापुद्रे सुटले होते आणि नखानं उचकटलं की खालून काळपट भुगा पडत होता. ‘‘रेडऑक्साइड मारून देतो ना भाऊ, काई होत नाही,’’ दुकानदार म्हणाला. पण होतं. का, ते समजून घेतलं तर दुरुस्ती कुठून सुरू करायची तेही कळतं.

लोखंड गंजतं ते विजेच्या हिशेबानं. पत्र्यावरच्या एका जागी लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात विरघळतात. ते इलेक्ट्रॉन धातूतूनच वाहत दुसऱ्या जागी जातात आणि तिथला ऑक्सिजन व पाणी ते उचलतात. जिथे ऑक्सिजन भरपूर ती जागा वाचते. त्याच्या शेजारची, ऑक्सिजन कमी असलेली जागा झिजते. केंब्रिजचे रसायनशास्त्रज्ञ उलिक इव्हान्स यांनी १९२०च्या दशकात हे खाऱ्या पाण्याच्या एका थेंबावर दाखवलं. घासून चकचकीत केलेल्या लोखंडावर थेंब ठेवला, तर लोखंड विरघळतं ते थेंबाच्या मध्याखाली. कडेला हवा मिळते, म्हणून ती जागा टिकते आणि गंजाचं कडं दोहोंच्या मधे उमटतं. सुकाणूवर हेच मोठ्या प्रमाणात घडतं. पाण्याच्या पृष्ठभागाशी हवा मुबलक, त्याच्या लगेच खाली कमी.

आता जुन्या गंजावर रंग मारला तर काय होतं? गंज सच्छिद्र असतो, पाणी धरून ठेवतो. शिवाय ज्या लोखंडापासून तो बनला, त्याच्या दुपटीहून अधिक जागा तो व्यापतो, म्हणून वरचा रंग उचलला जातो. उचललेल्या रंगाखाली ऑक्सिजन आणखी कमी होतो. म्हणजे झिजायला हवी तशी जागा आपणच तयार करून देतो.

तेव्हा आधी पातं धातू दिसेपर्यंत उघडं करायचं. ग्राइंडरला वायर ब्रश लावून पापुद्रे काढा, पण खड्ड्यांच्या तळाशी ब्रश पोचत नाही. तिथे टोकदार सळईनं खरवडावंच लागतं. मग हातोडीनं हलकं ठोकत चला. जाड पत्रा खणखणतो, झिजलेला बद्द वाजतो. हे ठोकणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण पत्र्याची वाकण्याविरुद्धची ताकद जाडीच्या वर्गावर ठरते. ६ मिलिमीटरचा पत्रा ४ वर आला, तर जाडी एक तृतीयांशानंच घटली असं दिसतं, पण ताकद निम्म्याहून कमी उरते आणि ताठपणा तर जेमतेम ३० टक्के. त्यात सुकाणूवर सर्वाधिक ताण येतो तोही वरच्या पकडीजवळ, म्हणजे बहुधा याच पट्ट्याच्या आसपास. इथे लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरून गुळगुळीत करणं धोक्याचं आहे. लांबीनं आकार येतो, ताकद येत नाही. पट्टा पातळ झाला असेल तर तो कापून नवा तुकडा वेल्ड करावा. इपॉक्सीची, म्हणजे दोन घटक मिसळल्यावर कडक होणाऱ्या राळेची, लांबी किरकोळ खड्ड्यांपुरतीच.

खड्ड्यांत चिकटून राहिलेल्या गंजासाठी फॉस्फोरिक आम्ल वापरतात, त्यानं गंजाचं लोह फॉस्फेट होतं. दुसरा उपाय आपल्या जंगलातच आहे. हिरड्यात टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असतं आणि टॅनिन गंजातल्या लोहाशी जोडलं गेलं की निळसर काळा, पाण्यात न विरघळणारा थर बनतो. हिरडा आणि लोखंड मिळून जुनी काळी शाई होत असे, ती याच रसायनामुळे. पुरातत्त्वातल्या लोखंडी वस्तू जपायलाही टॅनिक आम्ल वापरतात. नागपूर जिल्ह्यातल्या नैकुंडला शिळावर्तुळांच्या, म्हणजे दगडांचं कडं रचून केलेल्या प्राचीन दफनांच्या, काळातली लोखंड गाळण्याची भट्टी सापडलेली आहे, म्हणजे या भागात लोखंडाशी झुंज फार जुनी! हा काळा थर मात्र रंगाची जागा घेत नाही, त्यावर प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा थर, हवाच.

पात्याच्या धारदार कडा कानसीनं गोल करा. ओला रंग धारेवरून मागे सरकतो आणि तिथे थर पातळ राहतो. विदर्भातला वैशाख या कामाला सोयीचा, हवा कोरडी असल्यानं पत्र्यावर दव धरत नाही. पण दुपारी उन्हात तापलेल्या पत्र्यावर इपॉक्सीचा प्रायमर नीट पसरण्याआधीच घट्ट होऊ लागतो. सकाळीच उरकावं.

पितळी बिजागऱ्या असतील तर एक गोष्ट उलटी वाटेल. फक्त लोखंड रंगवून पितळ उघडं ठेवलं आणि रंगाला कुठे ओरखडा गेला, तर अख्खं पितळ लोखंडातले इलेक्ट्रॉन ओढतं, त्याचा सगळा भार त्या एवढ्याशा ओरखड्यावर येतो आणि तिथे खोल छिद्र पडतं. म्हणून पितळही रंगवा आणि मधे नायलॉनचे वॉशर घाला.

इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीनं १८२४ साली ब्रिटिश आरमाराच्या जहाजांवरचा तांब्याचा पत्रा वाचवायला जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडून पाहिले होते. तुकडा झिजतो, पत्रा वाचतो. समुद्रात आजही लोखंडाला जस्त लावतात. वैनगंगेचं गोडं पाणी समुद्राच्या पाण्याच्या सुमारे शंभराव्या हिश्शानंच वीज वाहून नेतं, त्यामुळे जस्ताचा जोर इथे अपुरा पडतो. मॅग्नेशियमचा तुकडा हवा. तो पात्याच्या उघड्या धातूला घट्ट टेकवून, पाण्याखाली राहील असा बसवायचा. त्याच्यावर रंग मात्र लावायचा नाही, नाहीतर तो काहीच काम करत नाही.