गुळाचा खडा आणि फुप्फुसातली धूळ

आमच्या इमारतीत सध्या ग्रॅनाइट कापायचं काम चालू आहे. संध्याकाळी मशीन बंद झालं की कारागीर अंगावरची पांढरी धूळ झटकतात आणि एकेक गुळाचा खडा तोंडात टाकतात. "गूळ खाल्ला की छातीतली धूळ उतरते," वयस्कर मिस्त्री मला म्हणाले. खडीच्या क्रशरवर, सिमेंटच्या गोदामात हाच समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. पण गूळ अन्ननलिकेतून जठरात जातो आणि श्वासातली धूळ श्वासनलिकेतून फुप्फुसात. घशाला चिकटलेली धूळ लाळेबरोबर खाली उतरेलही. खरा घात करते ती घशात न अडकणारी धूळ.

कुठला कण कुठे अडकणार, हे त्याचा आकार ठरवतो, आणि ही यंत्रणा मला विलक्षण सुंदर वाटते. श्वासनलिकेला फुप्फुसात फाटे फुटत जातात, एकामागून एक तब्बल 23 वेळा. प्रत्येक फाट्यावर हवा वळते. दहा मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा कण त्या मानाने जड. घाटातल्या वळणावर भरधाव ट्रक कठड्यावर जावा तसा तो जडत्वामुळे सरळ जाऊन नाकात किंवा वरच्या नळ्यांच्या भिंतीवर आदळतो. तिथे चिकट कफाचा थर असतो आणि खाली हलणारी बारीक लव. ती लव कफ सतत वर घशाकडे ढकलत असते.

अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण, म्हणजेच पीएम 2.5, हवेबरोबर ही वळणं घेऊ शकतात. शेवटच्या फाट्यांशी हवा जवळपास थबकते आणि त्यांतले मोठे कण वजनाने खाली बसतात. 0.1 मायक्रॉनपेक्षा लहान कणांची गत निराळी. हवेचे रेणू त्यांना चहूबाजूंनी धक्के देतात आणि ते भेलकांडत भिंतीला लागतात. ही ब्राउनियन गती. मधल्या, सुमारे 0.3 मायक्रॉनच्या कणांना ना जडत्व पुरतं ना हे धक्के, म्हणून त्यांतले बरेच उच्छ्वासाबरोबर परत बाहेर पडतात. मास्कच्या धाग्यांनाही हेच कण पकडायला सर्वांत अवघड जातात. एन-95 मास्कची चाचणी याच आकाराच्या आसपास घेतात ती त्यामुळे.

अगदी टोकाला असतात वायुकोश. सगळे उलगडून पसरले तर सुमारे 70 चौरस मीटर, दोन बेडरूमच्या फ्लॅटएवढी जागा व्यापतील. तिथे लव नाही. सफाई करतात त्या भक्षक पेशी. त्या कण गिळतात, पण काजळीचा कार्बन त्यांना पचत नाही, आणि ग्रॅनाइटच्या धुळीतली सिलिका तर त्यांनाच मारते. मग त्या धोक्याचे रासायनिक संदेश सोडतात. त्यांतलं इंटरल्यूकिन-6 रक्तातून यकृतापर्यंत पोचतं, यकृत फायब्रिनोजेन हे रक्त गोठवणारं प्रथिन जास्त बनवू लागतं आणि रक्त गुठळी धरायला उतावीळ होतं. आधीच चरबीचा थर साचलेल्या हृदयाच्या रोहिणीत अशी गुठळी झाली की हृदयविकाराचा झटका. अमेरिकेतल्या सहा शहरांमधल्या आठ हजारांवर लोकांची वर्षानुवर्षं नोंद ठेवणारा अभ्यास 1993मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वांत प्रदूषित शहरातला मृत्युदर सर्वांत स्वच्छ शहराच्या तुलनेत 26 टक्क्यांनी जास्त निघाला. धूम्रपानाचा हिशेब वेगळा काढूनही.

एवढ्याशा धुळीने असं काय होणार, असं वाटेल. आपण दिवसाला साधारण दहा हजार लिटर, म्हणजे 10 घनमीटर हवा आत घेतो. घनमीटरला 60 मायक्रोग्रॅम पीएम 2.5 असेल, तर दिवसाचे झाले 0.6 मिलिग्रॅम. मिठाच्या दहाएक कणांएवढं वजन! पण अडीच मायक्रॉनच्या एका कणाच्या वजनात 0.1 मायक्रॉनचे 15,625 कण बसतात आणि त्यांचा एकत्रित पृष्ठभाग 25 पट होतो. पेशीशी रासायनिक झटापट होते ती पृष्ठभागावर.

काही कण तर थेट रक्तात उतरतात. एडिंबराच्या संशोधकांनी निरोगी स्वयंसेवकांना सोन्याचे अतिसूक्ष्म कण हुंगायला दिले. सोनं अशासाठी, की ते शरीरात मुळात जवळपास नसतंच, सापडलं तर ते हुंगलेलंच. काहींच्या रक्तात ते 15 मिनिटांत दिसलं आणि तीन महिन्यांनंतरही लघवीतून येत होतं. मानेच्या रोहिणीवर शस्त्रक्रिया व्हायची होती अशा रुग्णांनीही हे कण हुंगले, तेव्हा सोनं नेमकं तिथल्या चरबीच्या थरात सापडलं.

म्हणून धूप-होमाच्या धुराने हवा शुद्ध होते असं कुणी सांगितलं की मी वाद घालतो. जळण कुठलंही असो, धूर म्हणजे हेच कण. हवा ठीक असल्याच्या सरकारी दाखल्यावरही मी विसंबत नाही. पीएम 2.5साठी आपलं वार्षिक मानक घनमीटरला 40 मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेने 2021मध्ये सुचवलेली मर्यादा 5 आहे.

मिस्त्रींना मी गूळ सोडायला सांगितलं नाही. पात्यावर पाण्याची धार सोडून दगड कापा, म्हणजे धूळ उडण्याआधीच चिखल होईल, एवढं सांगितलं. आणि तोंडावरच्या रुमालाऐवजी एन-95 लावा, नाकाशी घट्ट दाबून. त्यांना दाढी आहे, तेव्हा कडेने हवा शिरणार हेही सांगावं लागलं.