मुंबईच्या प्लेगचा आलेख आणि उसनी समीकरणे

साथरोगांच्या गणितावरील अनेक पाठ्यपुस्तकांत एक आलेख हमखास भेटतो. १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळात मुंबई बेटावर प्लेगने दर आठवड्याला किती माणसे दगावली, हे त्यात ठिपक्यांनी दाखवलेले असते आणि त्या ठिपक्यांना जवळजवळ स्पर्श करत एक गुळगुळीत, घंटेच्या आकाराची रेषा चढते आणि उतरते. करोनाच्या काळात हा आलेख व्याख्यानांतून, लेखांतून आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून पुष्कळ फिरला आणि त्याच्याबरोबर एक समजूतही फिरली, ती अशी, की रेषा ठिपक्यांवर इतकी नेमकी बसली त्या अर्थी रोग कसा पसरतो हे त्या समीकरणाला कळले आहे. ही समजूत चुकीची आहे, आणि ती का चुकीची आहे हे याच आलेखावरून दाखवता येते. एका शास्त्रातले गणित दुसऱ्या शास्त्रात जाते तेव्हा सूत्र सहज पोहोचते, पण ज्या गृहीतकांवर ते उभे असते ती अनेकदा वाटेतच राहतात.

मुंबईतला प्लेग सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ओळखला. पुढची अनेक वर्षे तो दर हिवाळ्यात परतत राहिला. त्याच्यामुळे १८९८ साली शहर सुधारणेसाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, परळला हाफकिन यांची लस तयार होऊ लागली, आणि मृत्यूंची साप्ताहिक नोंद काटेकोरपणे ठेवली गेली. या नोंदींचा उपयोग १९२७ साली एडिंबरो येथे झाला. तो करणाऱ्या दोघांपैकी अँडरसन मॅकेन्ड्रिक हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधून परतलेले डॉक्टर होते आणि कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटचे संचालकपद त्यांनी सांभाळले होते. दुसरे, विल्यम कर्मॅक, रसायनशास्त्रज्ञ होते. १९२४ साली प्रयोगशाळेतील स्फोटात त्यांची दृष्टी गेली होती आणि त्यानंतरचे गणित त्यांनी मनातल्या मनात केले.

या जोडीत एक रसायनशास्त्रज्ञ होता, हे त्यांच्या समीकरणाकडे पाहिले की विसरता येत नाही. गुल्डबर्ग आणि वागे या नॉर्वेतील दोघांनी १८६४ साली असा नियम मांडला होता, की दोन पदार्थांमधील अभिक्रियेचा वेग त्यांच्या प्रमाणांच्या गुणाकारावर अवलंबून असतो, कारण रेणू एकमेकांवर आदळण्याची शक्यता त्या गुणाकारानुसार वाढते. साथीच्या गणितात रेणूंच्या जागी माणसे आली. ज्यांना लागण होऊ शकते अशांची संख्या आणि बाधितांची संख्या यांचा गुणाकार करावा, त्याला एका स्थिरांकाने गुणावे, म्हणजे रोज नव्याने किती जण आजारी पडतील ते मिळते. बाधितांपैकी ठरावीक हिस्सा दररोज बरा होऊन किंवा मृत्यू पावून बाहेर पडतो. मात्र रसायनशास्त्रातला तो नियम चांगल्या ढवळलेल्या द्रावणासाठी आहे. तो मुंबईला लावताना मांडवीच्या चाळींतली दाटी आणि मलबार हिलवरचे बंगले एकाच चंचुपात्रात घालून ढवळले आहेत, असे आपण न बोलता मान्य करतो.

साथ लहान असेल, म्हणजे एकूण साठ्याचा, अर्थात ज्यांना लागण होऊ शकते अशा सर्वांचा, थोडाच भाग तिच्या तडाख्यात सापडत असेल, तर या समीकरणांचे उत्तर एका सोप्या सूत्रात मिळते. एकूण मृत्यूंची संख्या आधी हळू, मग वेगाने, मग पुन्हा हळू वाढत एका पातळीवर स्थिरावते. इंजिनिअरिंगचे विद्यार्थी या वक्राला ‘टॅन एच’ म्हणून ओळखतात. त्याचा दर आठवड्याचा चढउतार म्हणजे आपली घंटेची रेषा, ‘सेक एच’चा वर्ग. मुंबईसाठी कर्मॅक आणि मॅकेन्ड्रिक यांनी काढलेल्या सूत्रात शिखर ८९० मृत्यूंचे आहे आणि ते सतराव्या आठवड्याच्या शेवटी, म्हणजे एप्रिल १९०६ च्या मध्यावर येते. सूत्रात आठवड्यांत मोजलेल्या वेळेला लावलेला गुणक ०.२ आहे. रेषेखालील क्षेत्रफळ काढले, तर या एका साथीत सुमारे ८,९०० मृत्यू होतात.

आता हेच सूत्र उलटे चालवून पाहू. गुणक ०.२ असल्यामुळे सुरुवातीला मृत्यू दर आठवड्याला सुमारे दीडपट होत जातात. १९०१ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे पावणेआठ लाख होती, आणि सगळे शहर हाच साठा धरला, तर ८,९०० मृत्यू हे त्याच्या जेमतेम १.१५ टक्के भरतात. या प्रतिकृतीत साथ शिखरावर केव्हा पोहोचते? साठा इतका घटतो, की एक रुग्ण सरासरीने नेमक्या एकाच नव्या माणसाला रोग देतो, तेव्हा. रेषा सममित असल्यामुळे शिखरापर्यंत निम्मा भाग संपलेला असतो, म्हणजे साठा फक्त ०.५७ टक्क्यांनी घटलेला असतो. एवढ्याशा घटीने साथ थांबत असेल, तर सुरुवातीला एका रुग्णापासून फक्त १.००५७ नवे रुग्ण होत असले पाहिजेत, म्हणजे हजार रुग्णांमागे नवे एक हजार सहा. पिढीगणिक इतकी किरकोळ वाढ होत असताना आठवड्यात दीडपट व्हायचे, तर आठवड्यात रोगाच्या सुमारे सत्तर पिढ्या उलटल्या पाहिजेत. आठवड्याचे १६८ तास, भागिले ७०. उत्तर येते २.४ तास.

म्हणजे प्लेगचा रुग्ण अडीच तासांच्या आत दुसऱ्याला रोग देतो आणि साथीच्या हिशेबातून बाहेर पडतो, असे हे समीकरण सांगते. प्लेगचे रुग्ण कित्येक दिवस आजारी असत, हे त्या काळच्या कोणत्याही इस्पितळाच्या नोंदवहीत दिसले असते. बरे झालेले थोडे रुग्ण हिशेबात धरले तरी उत्तर फारसे सुधारत नाही. दुसरी वाट अशी, की रोग पसरवण्याचा काळ आठवडाभराचा धरावा आणि साठा किती हवा ते काढावे. मग उत्तर सतरा-साडेसतरा हजार येते. पावणेआठ लाखांच्या शहरात फक्त साडेसतरा हजार माणसांनाच प्लेग होऊ शकत होता आणि त्यांतली निम्मी त्या वर्षी संपली, हे मान्य केले तर पुढच्या वर्षी प्लेग कोणाला झाला, याचे उत्तर सापडत नाही.

मूळ लेखकांना याची जाणीव होती, हे त्यांच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. माणसांतला प्लेग हे उंदरांतल्या प्लेगचे प्रतिबिंब आहे असे धरून आणि समीकरण उंदरांना लावून त्यांनी मांडणी केली, बेटावरच्या सर्व उंदरांना लागण होण्याची सारखीच शक्यता होती यांसारखी आपली गृहीतके एकेक करून लिहून काढली, आणि त्यांपैकी एकही काटेकोरपणे पाळले जात नाही, म्हणून हे सूत्र अगदी ढोबळ समजावे, असा इशारा दिला. पाठ्यपुस्तकांनी आलेख घेतला, इशारा मागे ठेवला.

उंदीर धरले तरी एक अडचण उरते. साथ ओसरली ती साठा संपल्यामुळे, असे हे समीकरण म्हणते. तसे असेल तर दरवर्षीची साथ वेगवेगळ्या महिन्यांत ओसरायला हवी होती, कारण साठा केव्हा संपेल हे साथ केव्हा आणि किती जोरात सुरू झाली यावर ठरते. मुंबईत मात्र प्लेगचे शिखर बहुतेक वर्षी मार्च-एप्रिलच्या सुमारास येत असे. प्लेग उंदरांच्या अंगावरील पिसवांमार्फत पसरतो आणि उन्हाचा कडाका वाढला, की पिसवांची रोग पसरवण्याची क्षमता घटते. निकोला बाकाएर या फ्रेंच गणितज्ञाने २०१२ साली मुंबईचे हे आकडे पुन्हा हाती घेतले आणि स्थिरांकांच्या जागी ऋतूनुसार बदलणारे गुणक घालून ही गोष्ट मांडली. एप्रिलमधला उतार, जो इतकी वर्षे साठा संपल्याचा पुरावा म्हणून दाखवला जात होता, तो बव्हंशी उन्हाळ्याचा होता. रेषा मात्र दोन्ही कारणांना सारखीच जुळते.

एप्रिल २०२० मध्ये अशाच वक्रावर बेतलेले एक परदेशी भाकीत आपल्याकडे फिरत होते आणि त्यानुसार मे महिन्याच्या उत्तरार्धात भारतातील साथ जवळपास संपणार होती. त्याच दिवसांत काही ज्योतिषीही ग्रहमान पाहून साथीच्या अंताच्या तारखा जाहीर करत होते. पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. या दोघांत माझ्या मते फरक एवढाच, की वक्र मांडणाऱ्याची चूक कोणत्या गृहीतकात होती हे बोट ठेवून दाखवता येते. ज्योतिषाकडे बोट ठेवण्यासारखे काही नसते, आणि म्हणूनच तो पुढच्या साथीतही तितक्याच आत्मविश्वासाने तारीख देईल.

ही घंटेची रेषा प्लेगपुरती नाही. १८३४ साली एडिंबरोजवळच्या युनियन कालव्यात घोड्यांनी ओढलेली एक होडी एकाएकी थांबली, तेव्हा तिच्यापुढे उठलेला पाण्याचा उंचवटा आकार न बदलता पुढे जात राहिला आणि जॉन स्कॉट रसेल यांनी घोड्यावरून त्याचा मैल-दोन मैल पाठलाग केला. कोर्टेवेग आणि डी व्हरीस यांनी १८९५ साली त्या लाटेचे समीकरण सोडवले, तेव्हा उत्तरात ‘सेक एच’चा वर्गच निघाला. तिथे कोणाला कसलीही लागण झालेली नव्हती. अमेरिकेतील भूवैज्ञानिक किंग हबर्ट यांनी तिथल्या खनिज तेलाच्या उत्पादनाचे शिखर १९६५ ते १९७० च्या आसपास येईल असे १९५६ साली सांगितले, शिखर १९७० साली आले, आणि त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वक्राचे सूत्रही हेच आहे. मग शेल खडकातून तेल काढणे परवडू लागले आणि २०१८ साली उत्पादनाने १९७० ची पातळी ओलांडली. प्लेगप्रमाणेच इथेही साठा ठरलेला आहे, हे गृहीतक सूत्राच्या पोटात होते.

उसनवारीची दुसरी बाजू म्हणजे एका शास्त्राने लावलेला शोध दुसऱ्या शास्त्राला कळतच नाही आणि तो पुन्हा लावावा लागतो. वयानुसार लोकसंख्या कशी बदलते याचे एक समीकरण मॅकेन्ड्रिक यांनी १९२६ साली एडिंबरोच्या गणितीय संस्थेच्या नियतकालिकात दिले; पेशींच्या वाढीवर काम करणारे फॉन फोर्स्टर १९५९ साली स्वतंत्रपणे त्याच ठिकाणी पोहोचले. वैद्यकाचे गणित गणिताच्या कपाटात, पेशींचे जीवशास्त्राच्या. दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्या बाबतीत तर हे अधिक ठळकपणे घडले. यादृच्छिक वक्रांचे मूळ घटकांत विभाजन करण्याची रीत त्यांनी १९४३ साली भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकात मांडली होती, आणि आज जगभर ती कारुनेन आणि लोएव्ह यांच्या नावाने शिकवली जाते, ज्यांचे काम १९४७-४८ चे आहे. अलीकडे काही जण कोसंबींचे नाव पुढे जोडू लागले आहेत.

पण कोसंबींचे जे सूत्र खरोखर शास्त्राच्या भिंती ओलांडून गेले, ते आनुवंशिकीतले आहे. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दाखल झालेल्या आणि नाण्यांच्या वजनांना संख्याशास्त्र लावून इतिहासाचे प्रश्न सोडवणाऱ्या या गणितज्ञाने १९४४ साली गुणसूत्रावरील दोन जनुकांमधले अंतर काढण्याचे सूत्र प्रसिद्ध केले. पेशी विभागताना जोडीतील गुणसूत्रांमध्ये तुकड्यांची अदलाबदल होते आणि दोन जनुके जितकी दूर तितक्या वेळा ती एकमेकांपासून विलग होतात, पण हे प्रमाण कधीच ५० टक्क्यांच्या पुढे जात नाही. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ हॉल्डेन यांनी १९१९ साली प्रत्येक अदलाबदल स्वतंत्र असते असे मानून सूत्र दिले होते. कोसंबींनी असे मानले, की एक अदलाबदल झाली, की तिच्या शेजारी दुसरी होण्यास अडथळा येतो; अगदी लगतच्या जागी हा अडथळा पूर्ण असतो आणि विलग होण्याचे प्रमाण ५० टक्क्यांकडे सरकेल तसा तो त्याच प्रमाणात नाहीसा होतो. हे गृहीतक समीकरणात घातल्यावर जो वक्र मिळतो तो ‘टॅन एच’, म्हणजे मुंबईच्या प्लेगमधील एकूण मृत्यूंच्या वक्राचा वरचा अर्धा भाग.

आज भात, गहू किंवा उंदीर यांचे जनुकीय नकाशे संगणकावर तयार होतात आणि त्यासाठीच्या आज्ञावल्या वापरणाऱ्याला विचारतात, की अंतर हॉल्डेन यांच्या सूत्राने काढायचे की कोसंबी यांच्या. जनुके जवळजवळ असतील तर दोन्ही उत्तरे जवळपास सारखीच येतात. मात्र दोन जनुके ३० टक्के वेळा विलग होत असतील, तर कोसंबींच्या सूत्राने त्यांतले अंतर ३४.७ सेंटीमॉर्गन (जनुकांमधील अंतर मोजण्याचे एकक) येते आणि हॉल्डेन यांच्या सूत्राने ४५.८, प्रयोगातील आकडा दोन्हीकडे तोच असतो आणि अकरा सेंटीमॉर्गनचा हा फरक, शेजारची अदलाबदल अडते की नाही, या एका गृहीतकातून आलेला असतो.