आधी दगड उलटा, मग फ्लाय बांधा
(फ्लाय बांधणी संचासोबतचं माहितीपत्रक)

संच घरी पोचला की पहिला फोन बहुधा तक्रारीचाच येतो. "एवढंच सामान? व्हिडिओत तर चाळीस रंगांची पिसं दिसतात." दिसतात खरी. आमच्या डब्यात तीन फ्लाय बांधण्यापुरतं सामान आहे, आणि एक पांढरी ताटली व एक गाळणी. ताटली-गाळणी चुकून आलेली नाही. डब्यातल्या सगळ्या वस्तूंत ती दोन आधी वापरायची आहेत.

फ्लाय म्हणजे गळावर दोरा, तार आणि पिसं गुंडाळून केलेला खोटा किडा. गांडूळ किंवा कणकेची गोळी लावलेल्या गळाला वास असतो, शिशाचं वजन असतं. फ्लायला दोन्ही नाही. ती इतकी हलकी असते की ती फेकताच येत नाही. फेकायची असते ती जाड दोरी, फ्लाय नुसती तिच्यामागून जाते. म्हणजे मासा फसला तर केवळ बघून फसतो. आणि बघायचं काय, हे तो रोज पोटात काय जातंय त्यावरून ठरवतो.

आमचे बहुतेक ग्राहक पुण्या-मुंबईहून हिमाचलला जातात, तीर्थन खोऱ्यात किंवा बियासच्या इतर उपनद्यांवर, ब्राऊन ट्राऊटसाठी. हा मासा मूळचा तिथला नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी तो हिमालयात आणून सोडला. नदीतले किडे मात्र अस्सल तिथलेच. इंग्रजी पुस्तकांतले तक्ते (अमुक महिन्यात अमुक रंगाची फ्लाय) इंग्लंडच्या नद्यांवर बसून केलेले आहेत. मासा तिकडचा म्हणून तक्ताही तिकडचा चालेल, हे गृहीत धरून आम्ही स्वतः पहिली दोन वर्षं फुकट घालवली. डबा भरून फ्लाय नेल्या आणि तशाच परत आणल्या.

दगडाखाली काय असतं

तिसऱ्या वर्षी तीर्थन खोऱ्यातल्या गुशैणी गावाजवळ, नदीत गुडघाभर पाण्यात उभं राहून, नारळाएवढा एक दगड उचलला. वरून गुळगुळीत, ओला. उलटा केला तर खालची बाजू चालत होती. ताटलीत पाणी घेऊन त्यावर दगड धुतला आणि दोन मिनिटं गाळ खाली बसू दिला.

सगळ्यात जास्त होत्या मे-फ्लायच्या निंफ, म्हणजे पाण्यात राहणारी पिल्लं. तपकिरी-हिरवट, तांदळाच्या दाण्याएवढ्या. ओळख सोपी आहे: पोटाच्या दोन्ही बाजूंना पानांसारखे कल्ले असतात, ते हलत असतात, आणि मागे बहुधा तीन शेपट्या. शेपट्या दोनच दिसल्या, अंगाने किडा दणकट असला आणि कल्ल्यांचे झुबके पोटावर नसून पायांच्या मुळाशी असले, तर ती स्टोनफ्लाय. शंका आली तर भिंगातून पाय बघा. मे-फ्लायच्या पायाला एक नखी असते, स्टोनफ्लायच्या पायाला दोन. काही मे-फ्लायलाही दोनच शेपट्या असतात, म्हणून नुसत्या शेपट्या मोजून निकाल देऊ नका.

दगडाला वाळूची बारीक नळकांडी चिकटलेली होती. ती कचरा समजून खरवडू नका. ते कॅडिसच्या अळीचं घर असतं. अळी तोंडातून रेशीम काढते आणि त्याने वाळूचे कण, काड्या, पानांचे तुकडे जोडून स्वतःभोवती नळी बांधते. कॅडिस ही फुलपाखरं-पतंगांची जवळची नातेवाईक, त्यामुळे रेशमाचं नवल वाटायला नको. सगळ्याच जाती घर बांधत नाहीत. काही दगडांच्या फटीत जाळं विणून प्रवाह आणेल ते खात बसतात.

चौथा प्रकार कायरोनोमिड, आपल्या भाषेत न चावणारी चिलटं. यांच्या काही अळ्या लालभडक असतात, कारण त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं. त्याच्या जोरावर त्या प्राणवायू कमी असलेल्या गाळातही तग धरतात. मत्स्यालय पाळणाऱ्यांनी या अळ्या ब्लडवर्म नावाने दुकानात बघितल्या असतील.

हिमाचल दूर असेल तर पावसाळा ओसरल्यावर सह्याद्रीतल्या एखाद्या स्वच्छ ओढ्यावर ताटली घेऊन जा. तिथेही दगडाखाली ही मंडळी भेटतील. बघून झालं की किडे पाण्यात सोडा आणि दगड होता तसा ठेवा. ते त्यांचं छप्पर आहे.

वर येताना

निंफ मोठी होते तशी तिच्या पाठीवरची पंखांची पिशवी गडद होत जाते. पंख फुटायची वेळ जवळ आली की ती जवळजवळ काळी पडते. ताटलीतल्या निंफच्या पाठीवर असा काळा ठिपका दिसला तर येत्या दिवसांत नदीवर पंखवाले किडे उडणार समजा. इथे फ्लायचा रंग नदीच सांगते, तक्ता नाही.

मे-फ्लाय निंफ पोहत वर येते, पाण्याच्या पृष्ठभागावर कात टाकते आणि पंख उभे धरून वाहत जाते. हे पंख धुरकट असतात. नंतर काठावरच्या झुडपात ती पुन्हा एकदा कात टाकते, आणि आता पंख काचेसारखे लख्ख होतात. पंख फुटल्यावरही कात टाकणारे किडे जगात हेच. या अवस्थेत त्यांना खाताच येत नाही. उरलेले काही तास, फार तर एखाद-दोन दिवस, जोडी जमवण्यात आणि अंडी घालण्यात जातात. स्टोनफ्लाय पोहत वर येत नाही. ती चालत काठावर येऊन दगडावर कात टाकते. काठच्या दगडावर रिकामी सालं चिकटलेली दिसली तर ती तिचीच असण्याची शक्यता मोठी.

पाण्याला ताण असतो, आणि इवल्या किड्याला तो फोडून वर येताना झगडावं लागतं. ट्राऊट तिथेच टपून असतो. पण त्याचं बहुतेक जेवण पाण्याखालीच होतं, म्हणून संचातली पहिली फ्लाय बुडणारी आहे.

पहिली फ्लाय: निंफ

हिचा मूळ नमुना फ्रँक सॉयर यांचा. इंग्लंडमध्ये विल्टशायरच्या एव्हॉन नदीवर ते राखणदार होते. तितराच्या जातीतल्या फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे तंतू आणि तांब्याची बारीक तार, बस्स. दोरासुद्धा वापरत नसत. पायही बांधत नसत, कारण पोहणारी निंफ पाय अंगाशी आवळून घेते, हे त्यांनी नदीत बघितलं होतं. आम्ही फेझंटऐवजी पाळीव टर्कीचं पीस देतो. तार ही मोटर वायंडिंगवाल्यांकडे मिळते तीच, केसासारखी. संपली तर कोपऱ्यावरच्या वायंडिंगवाल्याकडून घ्या, आमच्याकडून मागवायची गरज नाही.

14 नंबरचा गळ घ्या. गळाचा नंबर जितका मोठा तितका गळ लहान, हे लक्षात असू द्या. एकाने 8 नंबर 'बारीक' म्हणून मागवला होता. टोकाजवळचा उलटा काटा पकडीने चिमटून सपाट करा, म्हणजे मासा सोडताना त्याचा जबडा फाटत नाही. गळ व्हाइसमध्ये, म्हणजे गळ धरून ठेवणाऱ्या शिकंज्यात, पक्का बसवा. नेढ्याच्या थोडं मागून सुरू करून वाकापर्यंत तार शेजारी-शेजारी गुंडाळत न्या, परत या, आणि पुढच्या तिसऱ्या भागात आणखी दोन फेऱ्या घालून छातीचा फुगवटा करा. तार पुन्हा वाकापाशी आणा.

आता पिसाचे चार तंतू एकत्र कापा. टोकं गळाच्या मागे निघतील असे तारेने बांधा. शेपटीची लांबी गळाच्या सरळ दांड्याच्या निम्मी, त्याहून जास्त नको. मग उरलेले तंतू तारेभोवती पीळ देऊन दोन्ही मिळून पुढे गुंडाळत या. हा पीळ आळसाने सोडू नका. नुसते तंतू ट्राऊटच्या दातांनी दुसऱ्याच माशाला तुटतात. छातीशी पोचलात की तार सोडवा, तंतू फुगवट्यावरून मागे दुमडा, तारेने धरा, पुढे दुमडा, पुन्हा धरा. हीच ती काळी पिशवी. नेढ्यामागे तारेचे चार घट्ट वेढे देऊन तोडा. हात बसेपर्यंत शेवट दोऱ्याने गाठ मारून केलात तरी चालेल.

नेढं मोकळं ठेवा. आमच्या पहिल्या डझनभर फ्लाय देखण्या झाल्या होत्या, पण नेढी पिसांनी बुजली होती. नदीकाठी गारठलेल्या बोटांनी सुई शोधावी लागली.

दुसरी फ्लाय तरंगणारी कॅडिस. उडणाऱ्या कॅडिसचे पंख बसताना कौलारू छपरासारखे उतरते असतात, तेवढा आकार साधला की काम झालं. त्यासाठी बदकाच्या शेपटीच्या मुळाशी तेलग्रंथीभोवती असणारी मऊ पिसं दिली आहेत. त्यांचे तंतू हवा धरून ठेवतात. तिसरी, 18 नंबरच्या गळावर काळा दोरा आणि तारेचे चार विरळ वेढे: कोषातलं चिलट. ही पाच मिनिटांत होते, आणि नदी थंड, शांत असताना बाकी दोन्हींपेक्षा जास्त चालते.

जे आम्ही विकत नाही

सांबर-चितळाचे केस, आणि मोनाल (हिमालयातला रंगीत पक्षी) व रानकोंबडा यांची पिसं. आपल्या सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याच्या मानेवर मेणाचे थेंब सांडल्यासारखे ठिपके असतात. सामन माशासाठीच्या जुन्या इंग्रजी फ्लायवर ते डोळ्यांच्या जागी लावत, आणि त्यापायी हा पक्षी फार मारला गेला. 1972च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे. "गावी काकांकडे एक कातडं पडलंय" असं सांगणारे दर वर्षी एक-दोन भेटतात, त्यांना आमचं उत्तर नाही हेच असतं. हा नाद माणसाला कुठे नेतो बघा: 2009 मध्ये इंग्लंडच्या ट्रिंग इथल्या संग्रहालयातून 299 पक्ष्यांची कातडी चोरीला गेली, ती अशा फ्लाय बांधण्यासाठी. मोरपिसाबद्दलही विचारतात. गळून पडलेलं पीस कोणतं आणि उपटलेलं कोणतं, हे आम्हाला ओळखता येत नाही, म्हणून संचात नाही.

गावठी कोंबड्याच्या मानेची पिसं मात्र बिनघोर वापरा. परदेशी दुकानांत 'इंडियन केप' म्हणून ती विकली जातात. खाटकाकडून आणलीत तर साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन सावलीत वाळवा, मग हवाबंद पिशवीत दोन आठवडे फ्रीझरमध्ये. नाहीतर कसर लागते आणि पावसाळ्यानंतर पिशवीत नुसता भुसा उरतो. नंतर डब्यात डांबरगोळी टाका.

हिमाचलमध्ये ट्राऊटच्या पाण्यात 1 नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर मासेमारी बंद असते. तो त्यांचा अंडी घालण्याचा काळ. इतर दिवसांतही मत्स्य विभागाचा परवाना लागतो, तो आधी काढा.

बिघडलेली फ्लाय फेकू नका. ब्लेडने तार कापून सोला, गळ पुन्हा वापरता येतो. संचात 14चे पंचवीसच गळ आहेत, आणि पहिले दहा तरी सोलावे लागतात.