गाठ की खोच: म्यानमारचा पसो आणि थमेइन

म्यानमारमध्ये वरच्या वर्गांतल्या मुलामुलींचा शाळेचा गणवेश एकच असतो: वर पांढरे, खाली घोट्यापर्यंत हिरवी लोंजी, म्हणजे तिथली लुंगी. रंग तोच, लांबी तीच, शिवणही तीच. तरी मुलगा कोण आणि मुलगी कोण, हे नुसत्या कमरेकडे पाहून कळते. मुलाच्या पोटावर कापडाचा गठ्ठा पुढे आलेला असतो. मुलीचे पोट सपाट, आणि खोच एका बाजूला.

पुरुषांच्या लोंजीला पसो म्हणतात, बायकांच्या लोंजीला थमेइन. दोन्ही म्हणजे सुमारे दोन मीटर कापडाची टोके जोडून शिवलेली नळी. ना नाडी, ना बटण. नवखा पर्यटक बाजारातून आवडेल ती उचलतो आणि जमेल तशी गुंडाळतो. गंमत तिथेच सुरू होते, कारण नेसण्याच्या दोन्ही रीती अगदी वेगळ्या आहेत.

पसो नेसायचा तर नळीत उभे राहून दोन्ही बाजूंनी कापड अंगापासून लांब ताणायचे, इतके की ते पाठीला घट्ट बसावे. मग दोन्ही हात एकदम पुढे आणायचे, बेंबीपाशी दोन्हीकडच्या घड्या एकमेकींत पिळायच्या आणि एक टोक आत दाबायचे. ही गाठ दिवसभरात सैल होतेच. म्हणून पुरुष भर रस्त्यात थांबून ती सोडतात, ताणतात, पुन्हा मारतात. त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही. पाकीट मागच्या बाजूला कमरेत खोचलेले असते. पाहणाऱ्याच्या जिवाला घोर, पण ते बहुधा जागेवर राहते.

थमेइनला गाठ नाही. सगळे जादा कापड एका बाजूला ओढायचे, त्याची सपाट घडी पोटावरून उलट बाजूला आणायची आणि कमरेत खोचायची. खोच टिकावी म्हणून वरच्या काठाला काळ्या सुती कापडाची पट्टी जोडलेली असते. ती चोळीखाली झाकली जाते. दुकानात ओळखायची सोपी खूण हीच: काळी पट्टी असेल तर ती थमेइन. आता तर आकडे आणि बंद लावून शिवलेल्या थमेइनही सर्रास मिळतात. मला विचाराल तर हे शहाणपणाचेच आहे, कारण केवळ खोचेच्या भरवशावर बस पकडणे सोपे नाही.

नक्षीतही फरक आहे. पसोवर चौकडी किंवा बारीक रेघा, रंग बहुधा गडद. थमेइनवर फुले, वेलबुट्टी, आणि सणासमारंभाला अचेइक, म्हणजे लाटांसारखी वळत जाणारी विणीतली नक्षी. तिच्यासाठी मंडालेजवळचे अमरापुरा प्रसिद्ध आहे.

कामाच्या वेळी पसो गुडघ्यावर घेऊन पुढचे कापड पायांमधून मागे नेतात आणि कमरेत खोचतात. आपल्या कासोट्याशी हे थेट जुळते. वेताचा चेंडू पायाने उडवत ठेवायचा चिनलोन हा खेळ असाच कासोटा मारून खेळतात. थमेइनचा असा कासोटा घालत नाहीत. ती नदीवर आंघोळीला छातीच्या वर ओढून बांधली जाते, आणि अंग न उघडता ओली उतरवून कोरडी नेसता येते.

हे नळीचे रूप फार जुने नाही. राजांच्या काळात पसो कित्येक वार लांब असे. थमेइन शिवलेली नसे, पुढे उघडी असे आणि मागे जमिनीवर तिचा घोळ लोळे. शिवलेली लोंजी रुळली ती इंग्रजांच्या अमलात. रत्नागिरीच्या थिबा पॅलेसमुळे ओळखीचा असलेला थिबा हा तिथला शेवटचा राजा. 1885 मध्ये त्याला मंडालेहून हलवले, 1886 मध्ये रत्नागिरीला आणले, आणि 1916 मध्ये तो तिथेच वारला. त्याच्याबरोबर लांब पसोची दरबारी ऐटही सरली.

दोन्ही वस्त्रांमधला सर्वांत मोठा फरक मात्र दिसणारा नाही. पुरुषात ‘फोन’ नावाचे तेज असते आणि बाईच्या थमेइनखालून गेल्यास ते घटते, अशी तिथे जुनी समजूत आहे. त्यामुळे अनेक घरांत पुरुषांचे कपडे आणि थमेइन वेगवेगळ्या धुतात, आणि थमेइन पुरुषांच्या डोक्यावर येईल अशी वाळत घालत नाहीत. बायकांना खाली लेखणारी समजूत आहे ही, त्यात शंका नको. पण सत्ताधाऱ्यांच्या कपड्यांकडेही लोक याच नजरेने पाहतात. फेब्रुवारी 2011 मध्ये एका सरकारी समारंभात तेव्हाचे लष्करशहा थान श्वे आणि त्यांचे सेनाधिकारी बायकी वळणाच्या लोंज्या नेसून दिसले. देशावर बाईचे राज्य येण्याचे भाकीत टाळण्यासाठी केलेला हा तोडगा आहे, असा तर्क लोकांनी लगेच लढवला.

1 फेब्रुवारी 2021 च्या लष्करी उठावानंतर बायकांनी ही समजूत उलटवली. गल्ल्यांच्या तोंडाशी दोऱ्या बांधून त्यांवर थमेइन टांगल्या. सैनिक आणि पोलीस त्यांखालून जायला कचरत. आधी दोऱ्या उतरवायच्या, मग पुढे सरकायचे. तेवढ्यात निदर्शकांना पांगायला वेळ मिळे. 8 मार्चला, महिला दिनी, थमेइनचे झेंडे करून मोर्चे निघाले, आणि काही पुरुषांनी तीच थमेइन डोक्याला गुंडाळली.