अधिसंख्य जागा (तंत्रशिक्षण)

संस्थेच्या मंजूर प्रवेशक्षमतेबाहेर, ठरावीक गटासाठी वाढवलेल्या जागा. प्रवेशप्रक्रियेत आणि पालकांच्या बोलण्यात ‘सुपरन्यूमररी’ हे रूप अधिक रूढ आहे. अभियांत्रिकी व संगणकशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमांत मुलींची संख्या वाढवण्यासाठी आयआयटींनी 2018 पासून त्यांचा अवलंब केल्यावर हा विषय चर्चेत आला.

ही पद्धत आयआयटींनीच प्रथम काढली, असा समज आढळतो. तो ग्राह्य नाही. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या शिक्षणशुल्क माफी योजनेत आणि जम्मू-काश्मीरच्या विद्यार्थ्यांसाठीच्या पंतप्रधान विशेष शिष्यवृत्तीत अशा जागा आधीपासून होत्या. तत्त्वाचे मूळ मात्र केंद्रीय शैक्षणिक संस्था (प्रवेशातील आरक्षण) कायदा, 2006 मध्ये शोधणे अधिक योग्य ठरेल. इतर मागासवर्गीयांना 27 टक्के आरक्षण देताना खुल्या जागांची आधीची संख्या घटू नये, म्हणून एकूण जागा वाढवण्याची तरतूद त्यात आहे. अनुसूचित जाती-जमातींचे आयआयटींतील आरक्षण (1973 पासून) मंजूर जागांमधूनच दिले गेले होते.

2017 मध्ये आयआयटींत प्रवेश घेणाऱ्यांत मुली जेमतेम 9 टक्के होत्या. मंडी आयआयटीचे तत्कालीन संचालक टिमोथी गोन्साल्विस यांच्या समितीच्या शिफारशीनंतर 2018 साठी 14, 2019 साठी 17 व 2020 साठी 20 टक्के अशी उद्दिष्टे ठरली. गणित असे: एखाद्या शाखेत 100 पैकी 8 मुली असतील, तर उरलेल्या 92 जागा कायम ठेवायच्या. मुलींचे प्रमाण 14 टक्के करण्यासाठी एकूण जागा 107 होतात, पैकी 15 मुलींच्या. म्हणजे वाढ फक्त 7 जागांची. 20 टक्क्यांसाठी हाच आकडा 115 व 23 असा येतो. जागावाटपात मुलीचा विचार आधी केवळ मुलींसाठीच्या जागांच्या संचातून व नंतर सर्वांसाठीच्या जागांच्या संचातून होतो. दोन्ही संचांत जातीनिहाय वाटणी कायम राहते. जेईई अ‍ॅडव्हान्स्डची पात्रता सगळ्यांना सारखीच. मुलींच्या संचात शेवटचा प्रवेश मात्र बराच खालच्या क्रमांकावर होतो, आणि आक्षेप प्रामुख्याने त्यावरच घेतला जातो. याला आरक्षण म्हणावे की नाही, यावर दुमत आहे. संविधानाच्या अनुच्छेद 15(3) मधील स्त्रियांसाठीची विशेष तरतूद म्हणून त्याकडे पाहणे अधिक सयुक्तिक दिसते.

सर्वोच्च न्यायालयानेही हा मार्ग वापरला आहे. 17,500 रुपयांचे शुल्क मुदतीत भरता न आल्याने धनबाद आयआयटीतील जागा गमावलेल्या एका दलित विद्यार्थ्याला सप्टेंबर 2024 मध्ये सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने अधिसंख्य जागेवर प्रवेश देवविला.

महाराष्ट्रात अभियांत्रिकी प्रवेशात मुलींसाठी 30 टक्के समांतर (म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या जागांच्या आतच लागू होणारे) आरक्षण आहे. त्या जागा मंजूर क्षमतेतल्याच, अधिसंख्य नव्हेत. वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या पात्र कुटुंबांतील मुलींना 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण माफी मिळते.

प्रवेशानंतरच्या टिकावाची व्यवस्था तुलनेने तोकडी आहे. अनुसूचित जाती-जमाती व दिव्यांगांच्या जागा रिकाम्या राहिल्यास आयआयटी काही उमेदवारांना एक वर्षाच्या पूर्वतयारी अभ्यासक्रमात घेतात. तो उत्तीर्ण झाल्यावर पुन्हा प्रवेशपरीक्षा न देता प्रथम वर्ष मिळते. मुलींच्या अधिसंख्य जागांना असा जोड-अभ्यासक्रम नाही. रुरकी आयआयटीने 2015 मध्ये पहिल्या वर्षाअखेर कमी श्रेणीमुळे 70 हून अधिक विद्यार्थ्यांना काढले होते. त्यांत राखीव प्रवर्गातील विद्यार्थ्यांचा भरणा मोठा होता. पुढे त्यांना आणखी एक संधी देण्यात आली.